जुन्या अमेरिकन गाडीचे डिस्क ब्रेक: नेमका कोणता पार्ट बसेल, हे कसं ओळखायचं

मिशिगनमध्ये हिवाळा सरला की रस्त्यावर टाकलेलं मीठ पावसानं धुऊन जायची वाट बघायची आणि मगच जुनी गाडी बाहेर काढायची, असा आमच्याकडचा रिवाज. तीन वर्षांपूर्वी अशाच एका एप्रिलमध्ये माझ्या १९६६ च्या फोर्ड मस्टँगला पुढचे ब्रेक पॅड हवे होते. ऑनलाइन कॅटलॉगमध्ये वर्ष निवडलं, मॉडेल निवडलं, ‘पुढे डिस्क’वर टिचकी मारली. चौथ्या दिवशी खोकं दारात. चाक उतरवून नवा पॅड कॅलिपरशेजारी, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याशेजारी धरला, तर दोघांचा एकमेकांशी काही संबंधच नाही. बायकोनं दारातूनच विचारलं, "चुकीचं पाठवलं का त्यांनी?"

चुकीचं नव्हतंच. त्यांनी १९६६ च्या मस्टँगचेच पॅड पाठवले होते. माझ्या गाडीला १९६६ चे ब्रेक नव्हते.

कोल्हापूरला उद्यमनगरात बाबा स्कूटर घेऊन जायचे, तिथला मेस्त्री पहिलं वाक्य ठरलेलं बोलायचा: "गाडी कंची ते ऱ्हाऊ दे, नमुना आणलाईस काय?" जुना पार्ट हातात घेऊन, उलटसुलट फिरवून, आट्यावरून बोट फिरवूनच तो नवा पार्ट काढायचा. पन्नास-साठ वर्षांच्या अमेरिकन गाडीला हीच रीत लागू पडते. तिचे सात-आठ मालक झालेले असतात आणि प्रत्येकानं जे स्वस्तात मिळालं ते बसवलेलं असतं. तेव्हा १९६० च्या दशकापासून १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या गाड्यांसाठी मी काय क्रमानं बघतो, ते इथे लिहितो.

आधी एक ताकीद. गाडी जॅकवर ठेवून खाली हात घालू नका, घोडी (जॅक स्टँड) लावा. आणि जुन्या पॅडची काळी धूळ हवेनं उडवू नका. त्या काळच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ब्रेक क्लीनर मारून ओल्या फडक्यानं पुसायची आणि फडकं पिशवीत बांधून टाकायचं.

कारखान्यातून काय निघालं होतं?

सतरा अंकी व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, १९८१ च्या मॉडेलपासून आला. त्याआधी प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी. माझ्या मस्टँगचा नंबर ६आर०७टी असा सुरू होतो: ६ म्हणजे १९६६, आर म्हणजे सॅन होजेचा कारखाना, ०७ म्हणजे हार्डटॉप, टी म्हणजे २०० घनइंची सहा सिलिंडरचं इंजिन. ब्रेकबद्दल यात अक्षर नाही, पण ताडता येतं. सहा सिलिंडरच्या मस्टँगला चाकाला चार बोल्ट असत, व्ही-८ ला पाच. माझ्या गाडीच्या चारही चाकांना पाच-पाच. म्हणजे पुढचं-मागचं सगळं कुणीतरी बदललं होतं, आणि हे मला चाक न उतरवताही कळायला हवं होतं!

क्रायस्लरच्या गाड्या जास्त बोलक्या. बॉनेटखाली फेंडरवर पत्र्याची छोटी पट्टी असते. तिच्यावर बी४१ असेल तर गाडी पुढच्या डिस्कसह निघालेली, बी५१ म्हणजे पॉवर ब्रेक (पायाच्या जोराला मदत करणारे). जनरल मोटर्सकडे ऑप्शनचे कोड होते. शेवरलेच्या कागदांत जे५२ म्हणजे पुढचे डिस्क, जे५० म्हणजे पॉवर ब्रेक. पण हे कोड बिल्ड शीटवर, म्हणजे कारखान्यातल्या गाडीच्या यादीवर सापडतात, आणि ती शीट मागच्या सीटच्या स्प्रिंगांत किंवा पेट्रोल टाकीवर अडकलेली मिळाली तर नशीब.

पट्टीवर डिस्कचा कोड असला म्हणजे आजही तेच ब्रेक आहेत असं नाही. कोड नसला म्हणजे डिस्क नाहीत असंही नाही. ही फक्त कुंडली, पुढचं सगळं चाक उतरवून.

कॅलिपर कुठल्या घराण्याचा?

कॅलिपर दोन्ही हातांनी धरून आत-बाहेर हलवून बघा. जागचा हलत नसेल, दोन तुकडे बोल्टनं जोडलेले असतील आणि डिस्कच्या दोन्ही बाजूंना पिस्टन असतील, तर तो चार पिस्टनचा स्थिर कॅलिपर. थोडा सरकत असेल आणि फुगीर भाग फक्त आतल्या बाजूला असेल, तर एक पिस्टनचा सरकता. गंजून घट्ट बसलेला सरकता कॅलिपरही हलत नाही, म्हणून डोळ्यांनी पिस्टन मोजल्याशिवाय निकाल देऊ नका.

एवढ्यावरून साल बरंचसं आवळता येतं, कारण अमेरिकन कंपन्यांनी चार पिस्टन सोडून एक पिस्टन धरला तो काही ठरावीक वर्षांतच. मस्टँगला १९६५ ते १९६७ केल्सी-हेज कंपनीचे चार पिस्टनचे कॅलिपर ऑप्शन म्हणून मिळत. त्यांच्या दोन अर्ध्या भागांना जोडणारी छोटी नळी बाहेरून दिसते. १९६८ पासून एक पिस्टन. शेवरले कमारो आणि शेवेलला १९६७-६८ मध्ये चार, १९६९ पासून एक. क्रायस्लरच्या लहान गाड्या, म्हणजे डार्ट, व्हॅलियंट वगैरे, १९७२ पर्यंत चार पिस्टनवर राहिल्या आणि १९७३ ला बदलल्या. कॉर्व्हेट सगळ्यांहून हट्टी. १९६५ मध्ये चारही चाकांना चार-चार पिस्टनचे कॅलिपर आले, ते १९८२ पर्यंत तसेच. तिचे कॅलिपर घेताना सिलिंडरला स्टेनलेस स्टीलची बाही घातली आहे का ते विचाराच. मूळ ओतीव लोखंडाचे सिलिंडर आतून गंजतात आणि ब्रेक ऑइल झिरपत राहतं.

माझ्या गाडीवर काय होतं? एक पिस्टन. १९६६ च्या गाडीवर. तिथेच कोडं निम्मं सुटलं.

नंबर कसे वाचायचे

वायर ब्रश, थोडं रॉकेल किंवा ब्रेक क्लीनर, आणि तिरका धरलेला टॉर्च. ओतीव अक्षरांवर उजेड समोरून मारला तर काही दिसत नाही, बाजूनं मारला की अक्षरं उठून येतात. तरी नाही दिसलं तर खडू घासा.

फोर्डचे नंबर वाचायला शिकलात तर अर्धं काम झालं. पहिलं अक्षर दशकाचं: बी म्हणजे १९५० चं, सी १९६० चं, डी १९७० चं, ई १९८० चं. दुसरा अंक त्या दशकातलं वर्ष. तिसरं अक्षर गाडीचं: झेड मस्टँग, ओ फेअरलेन आणि टोरिनो, डब्ल्यू कुगर, एस थंडरबर्ड. मधला आकडा पार्टचा: २बी१२० उजवा कॅलिपर, २बी१२१ डावा, २१४० मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणारा). सी५झेडझेड असं सुरू झालं तर १९६५ ची मस्टँग. माझ्या स्टबवरचं, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या खुंटावरचं, गंजाचं पोपडं निघालं आणि खालून डी-५ वर आलं. १९७५! म्हणजे माझ्या मस्टँगच्या पुढच्या चाकांचं सगळं सामान तिच्याहून नऊ वर्षांनी लहान.

इथे एक खोच आहे. ओतीव नंबर आणि पार्ट नंबर हे एक नव्हेत. ओतीव नंबर कच्च्या ओतकामाचा. त्याच ओतकामाला वेगळं भोक पाडून, वेगळं मशीनिंग करून दोन वेगवेगळे पार्ट होऊ शकतात. शिवाय १९७२ च्या गाडीवर १९७० चा ओतीव नंबर सहज सापडतो, कारण डिझाइन तेव्हाचं असतं. म्हणून नंबरानं घराणं ओळखायचं, ऑर्डर मापांवर द्यायची.

पॅडचं मात्र वेगळं. अमेरिकेत ब्रेक लायनिंगच्या आकारांना एफएमएसआय या संस्थेचे नंबर असतात, आणि डिस्क पॅडचे नंबर ‘डी’नं सुरू होतात. कंपनी कुठलीही असो, डी५२ म्हटलं की आकार तोच. पॅडच्या पाठीच्या पत्र्यावर किंवा खोक्यावर हा नंबर असतो. कॉर्व्हेटचा चार पिस्टनवाला डी८. माझ्याकडे चुकून आलेला केल्सी-हेजचा डी११. शेवरलेच्या १९६९ नंतरच्या कमारो, शेवेल, नोव्हा आणि अर्ध्या टनाच्या पिकअपपर्यंत पसरलेला तो डी५२, आणि १९७८ पासूनच्या माँटे कार्लो, मालिबूसारख्या मध्यम गाड्यांचा डी१५४. जुना पॅड झिजून नंबर गेला असेल तर त्याच्या पाठीचा पत्रा कागदावर ठेवून पेन्सिलनं आकार काढा. कॅटलॉगमधल्या चित्रांशी जुळवायला तो पुरतो.

पॅड जुळला म्हणून कॅलिपर जुळला असं समजू नका. पॅड तोच राहून ब्रेक होजच्या बोल्टचा आटा बदललेला असतो, आणि ते कळतं शनिवारी संध्याकाळी, दुकानं बंद झाल्यावर.

मापं

चाकाच्या बोल्टांचं वर्तुळ आधी मोजा. चार बोल्ट असतील तर समोरासमोरच्या दोन बोल्टांच्या मध्यांमधलं अंतर हेच माप. पाच बोल्टांत समोरासमोर कुणीच नसतं, म्हणून शेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यांमधलं अंतर घेऊन १.७०१ नं गुणा. ५९.७ मिलिमीटर आलं तर वर्तुळ ४ इंची, ६७.२ आलं तर साडेचार इंची, ७०.९ आलं तर पावणेपाच, ७४.७ आलं तर ५ इंची. मध्य पकडणं कठीण वाटलं तर एका बोल्टच्या डाव्या कडेपासून शेजारच्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा. अंतर तेच येतं, चूक कमी होते.

साडेचार इंची वर्तुळ फोर्डचं आणि क्रायस्लरच्या मोठ्या गाड्यांचं. पावणेपाच शेवरलेच्या कमारो-शेवेलचं. ४ इंची म्हणजे क्रायस्लरच्या लहान गाड्यांचं जुनं माप. १९७३ मध्ये त्या गाड्यांच्या डिस्कवर साडेचार इंची वर्तुळ आलं. म्हणून जुन्या डार्टला १९७३ नंतरचा पुढचा संच लावला की पुढे साडेचार आणि मागे चार अशी गाडी होते, आणि डिकीत दोन स्टेपन्या ठेवाव्या लागतात. वरचा बॉल जॉइंटही १९७३ पासून मोठा झाला, म्हणून वरचा कंट्रोल आर्मही बघावा लागतो.

आणि हो, जुन्या क्रायस्लरच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. बोल्टच्या टोकावर एल असेल तर ढकलाढकली करण्याआधी थांबा. असा बोल्ट तोडणारा मी ओळखीत पहिला नव्हतो, एवढंच समाधान.

डिस्कची जाडी व्हर्नियरनं मोजू नका. कडेला गंजाचा काठ उभा राहतो, व्हर्नियरचा जबडा त्याच्यावर टेकतो आणि डिस्क आहे त्याहून जाड वाटते. मायक्रोमीटर घ्या, पॅड जिथे घासतो तिथे मोजा, तीन-चार ठिकाणी. हबवर (चाक बसतं त्या मधल्या भागावर) किंवा डिस्कच्या टोपीवर (मधल्या उंच भागावर) किमान जाडी ओतलेली असेल तर तीही टिपा. मग बाहेरचा व्यास, टोपीची उंची, आणि हब डिस्कमध्येच ओतलेला आहे की वेगळा, हे बघा. टोपीच्या उंचीकडे सगळे दुर्लक्ष करतात. तीन-चार मिलिमीटरचा फरक असला तर डिस्क कॅलिपरच्या मधोमध न बसता एका बाजूला घासते.

हब डिस्कमध्येच ओतलेला असेल तर बेअरिंग काढून नंबर वाचा. बेअरिंग खोटं बोलत नाही. एलएम११९४९ म्हटलं की आतलं भोक १९.०५ मिलिमीटर, एलएम६७०४८ म्हटलं की ३१.७५, मग टिमकेनचं असो की दुसऱ्या कुणाचं. आतलं आणि बाहेरचं अशा दोन बेअरिंगांचे नंबर मिळाले की स्टब कुठल्या गाडीचा, हे कॅटलॉगमधून उलट शोधता येतं.

माझं कोडं असंच सुटलं. पाच बोल्ट, साडेचार इंची वर्तुळ, ११ इंची डिस्क, एक पिस्टन, स्टबवर १९७५ चा नंबर. हा फोर्ड ग्रॅनडाचा संच. १९७५ ते १९८० च्या ग्रॅनडा आणि तिची जुळी बहीण मर्क्युरी मोनार्क यांचे स्टब जुन्या मस्टँगला बसतात, हे इथल्या हौशी लोकांना चांगलं माहीत. भंगारात गेलेल्या ग्रॅनडाचे पुढचे पाय अशा रीतीनं कित्येक मस्टँगखाली पळताहेत. अशा गाडीला पॅड, कॅलिपर, डिस्क, बेअरिंग, सील सगळं ग्रॅनडाच्या नावानं मागवायचं. टाय रॉडची, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यांची टोकंही बहुधा बदललेली असतात. त्यांचा शंकू मोजल्याशिवाय मस्टँगची टोकं घेऊ नका.

मास्टर सिलिंडर आणि नळ्या

बहुतेक जण पॅड-डिस्कपर्यंत नीट येतात आणि इथे घसरतात. अमेरिकन गाड्यांत १९६७ च्या मॉडेलपासून दुहेरी मास्टर सिलिंडर आला. पुढच्या आणि मागच्या ब्रेकची वाट वेगळी, एक फुटली तरी दुसरी चालते. त्याआधीच्या गाडीवर अजून एकेरी असेल तर ब्रेक बदलताना तोही बदलाच.

ड्रमवाल्या गाडीच्या मास्टर सिलिंडरमध्ये नळीच्या तोंडाशी छोटा झडपेचा रबर असतो. तो नळीत थोडा दाब धरून ठेवतो, साधारण १० पीएसआय. ड्रमला ते हवंच, कारण तिथे स्प्रिंग लायनर मागे ओढते. डिस्कला तशी स्प्रिंग नाही, म्हणून तोच मास्टर डिस्कला जोडला की पॅड कायम टेकून राहतात आणि चाक तापतं. तपासायची सोपी युक्ती: मास्टर बाकावर घ्या, कागदाची क्लिप सरळ करून नळीच्या भोकात हळूच घाला. पुढे कडक, रिकामं लागलं तर झडप नाही. रबरासारखं मऊ अडलं तर आहे. मागे ड्रम असतील तर त्या बाजूला ती असूच द्या.

पॉवर ब्रेकचा मास्टर साध्या पेडलला लावू नका. साध्या ब्रेकच्या मास्टरमध्ये दांडा बसायला पिस्टनला खोल खड्डा असतो, पॉवरवाल्यात उथळ. उथळ खड्ड्यातून दांडा निसटला तर पेडल पायाखाली नुसतं खाली जातं. दिसायला दोन्ही मास्टर जुळे भाऊ.

आता जनरल मोटर्सचा एक सापळा. डी१५४ पॅड घेणाऱ्या, १९७८ नंतरच्या मध्यम गाड्यांच्या कॅलिपरचा पिस्टन अडीच इंची, म्हणजे ६३.५ मिलिमीटर. डी५२ वाल्यांचा २ १५/१६ इंची, म्हणजे ७४.६. क्षेत्रफळात हा फरक एक चतुर्थांशाहून जास्त. शिवाय या लहान कॅलिपरांपैकी बरेच ‘लो ड्रॅग’ जातीचे. पेट्रोल वाचावं म्हणून त्यांचं सील पिस्टनला जरा जास्तच मागे ओढतं. मग पेडल दाबताना पहिलं ऑइल ते अंतर भरण्यातच जातं. हे अंतर झटकन भरावं म्हणून त्या गाड्यांत दोन व्यासांचा खास मास्टर दिलेला असायचा. जुना साधा मास्टर ठेवून हे कॅलिपर लावले की पेडल जवळजवळ फरशीला टेकतं. माणूस आठवडाभर एअर काढत बसतो आणि सिस्टिममध्ये एअर नसतेच.

आटे. जुन्या डी५२ कॅलिपरच्या होजचा बोल्ट ७/१६ इंची, इंचाला २० आट्यांचा. नंतरच्या मेट्रिक कॅलिपरचा १० मिलिमीटर, दीड मिलिमीटर पिचचा. एकाच्या भोकात दुसरा दोन-तीन आटे गोड बोलून शिरतो आणि मग अडतो. हातानं शेवटपर्यंत फिरत नसेल तर पाना लावू नका. थ्रेड गेज दोनशे रुपयांपासून मिळतो, कॅलिपर मिळत नाही.

पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतील तर मध्ये पुढच्या-मागच्या दाबाचं प्रमाण ठेवणारी झडपही डिस्क-ड्रमसाठीचीच हवी. ड्रम-ड्रमच्या गाडीचा पितळी तुकडा दिसायला सारखा असला तरी तो नुसता नळ्या वाटून देणारा असू शकतो.

खोकं आल्यावर

इंटरनेटवरचं चित्र आणि खोक्यातला पार्ट यांत अंतर पडतं, म्हणून जुना पार्ट शेजारी ठेवून एकेक माप पुन्हा जुळवा. जुना कॅलिपर परत करायची अनामत तुम्ही भरलेली असते, पण नवा बसून गाडी चालेपर्यंत जुना हातचा सोडू नका. एकदा एका दुकानानं पाठवलेल्या जोडीत दोन्ही कॅलिपर उजवेच निघाले, आणि जुने मी आदल्याच दिवशी परत केले होते.

डावा-उजवा ओळखायची खूण एकच: कॅलिपर बसल्यावर एअर काढायचं निपल वरच्या टोकाला आलं पाहिजे. खाली आलं तर बाजू चुकली. बोल्ट मात्र दोन्हीकडे बसतात, म्हणून फसायला होतं.

मग पॅड घालण्याआधी चाक चढवून हातानं फिरवा. ड्रमसाठी केलेली जुनी १३ किंवा १४ इंची चाकं कॅलिपरला घासू शकतात. फट किती आहे हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून कॅलिपरच्या सर्वांत उंच जागी मऊ मातीचा गोळा चिकटवा आणि चाक एक फेरा फिरवून गोळ्याची उरलेली जाडी बघा. मी घरातली कणीक वापरली. पोळ्यांना उशीर झाला आणि त्यावरून घरात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

ब्रेक ऑइल भरताना आधीच आत काय आहे ते बघा. जांभळट असेल तर ते डॉट ५, सिलिकॉनचं. डॉट ३ किंवा ४ मध्ये ते मिसळायचं नसतं. काहीच कळत नसेल तर सगळं काढून, नळ्या धुऊन, रबरं नवी घालून एकच जात भरा. इंजिन ऑइल किंवा पेट्रोलचा थेंबही नको, सगळी सील फुगतात.

पहिली चक्कर गल्लीतच, पायी चालण्याच्या वेगानं. त्याआधी गाडी उभी असताना पेडल अर्धा मिनिट जोर लावून दाबून धरा. हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळतंय, नाहीतर मास्टर आतून सोडतोय. पाच-सहा वेळा थांबवून झालं की प्रत्येक चाकाजवळ हात न्या, टेकवू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर गाडी पुन्हा घोडीवर.

हे सगळं झाल्यावर मी ग्लोव्ह बॉक्समध्ये एक जाड कार्ड ठेवलं. त्यावर कॅलिपरची गाडी आणि वर्षं, पॅडचा नंबर, दोन्ही बेअरिंगांचे नंबर, डिस्कचा व्यास आणि किमान जाडी, मास्टरचा बोर (आतला व्यास), ऑइलची जात, आटे, आणि तारीख. पहिली ओळ मुद्दाम लाल शाईत आहे: ‘पुढचे ब्रेक मस्टँगचे नाहीत. ग्रॅनडा, १९७५ ते ८०.’